दोन गावांचे आकडे

“उद्या सकाळी उपाशीपोटी या. पिशवी साफ करून टाकू,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

कोकिळाने टेबलावरच्या दोन कागदांकडे पाहिलं. दिवस गेले की रक्तात एक संप्रेरक वाढत जातं, सुरुवातीला दोन-तीन दिवसांत साधारण दुप्पट होतं, हे तिला आता पाठ होतं. सोमवारी सहाशे चाळीस. बुधवारी पाचशे नव्वद. याआधी दोनदा असंच झालं होतं. दोन्ही वेळा दुसरा महिना पुरा झाला नव्हता.

शेजारी बसलेल्या सासूकडे, झुंबरबाईंकडे, तिने पाहिलं नाही. पहिली तपासणी धुळ्याला, माहेरी झाली होती. दुसरीही तिथेच व्हायची. पण मंगळवारी नवरा पितांबर तिला जळगावला घेऊन आला आणि झुंबरबाईंनी वाट अडवली. पोटुशी बाईने नदी ओलांडायची नाही. “येताना गिरणा ओलांडी ती ओलांडी. आते परत नही. रक्त काय, आठे बी लालच निंघी!” पितांबर आईपुढे हसला आणि गप्प बसला. मग रक्त इथल्याच लॅबमध्ये दिलं. हिला नातवापेक्षा नदी मोठी, असं कोकिळाच्या मनात आलं होतं. ते अजून गेलं नव्हतं.

डॉक्टरबाई चिठ्ठी लिहू लागल्या.

“एक इचारू का, डॉक्टरबाई?”

कोकिळाने डोळे मिटले. आता नदीचं निघणार.

“गावना काटावर कापूस मोजा, नि तोच कापूस मार्केटना काटावर मोजा, तं वजन एकच भरस का?”

“आजी, हा कापूस नाही.”

“नही ना. मंग तं आजून सांभाळीसन मोजाले पाहिजे.”

पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी दोन्ही कागद जवळजवळ ठेवले आणि पहिल्यांदाच वरची लॅबची नावं वाचली. मग चिठ्ठी फाडली.

“प्रत्येक लॅबची पद्धत वेगळी असते. हे आकडे एकमेकांशी लावायला नको होते. धुळ्यालाच पुन्हा रक्त द्या. मधे पोटात दुखलं किंवा रक्त दिसलं तर मात्र तडक दवाखाना गाठा.”

शुक्रवारी पहिल्या एसटीत झुंबरबाई स्वतःच आधी चढल्या. पुलावर त्यांनी सुनेचं मनगट घट्ट धरलं आणि पूल संपेपर्यंत सोडलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला. दोन हजार तीनशे. कोकिळाने लॅबसमोरच्या पीसीओवरून जळगावला फोन लावला. “वाढतंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आज एवढंच म्हणता येतं. पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करू.”

झुंबरबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. आकडा ऐकून त्या हसल्या नाहीत. नुसती मान हलवली.

“आत्याबाई, तुम्हाला विचारायचं सुचलं तरी कसं?”

झुंबरबाई रस्त्याकडे पाहत राहिल्या.

“मन्हा पहिला येळले बी डॉक्टरनी आशेच सांगं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तवय मी काहीच इचारं नही.”