सहदेवचा निरोप

मध्यंतराला मुलुंडचा संघ तीन गोलांनी मागे होता आणि मॅनेजर विद्याधर प्रधान बुटांना दोष देत होते.

"पोरांना बुटांची सवय नाही अजून," ते मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाले.

"समोरच्यांनी पण बूटच घातलेत," अध्यक्ष म्हणाले.

प्रधान खेळाडूंकडे गेले. उभ्याउभ्या त्यांनी कोणाचे काय चुकले ते सांगितले. सांगितले ते सगळे बरोबर होते. खेळाडू लिंबाच्या फोडी चोखत खाली बघत राहिले. मध्यंतरानंतर चौथा गोल झाला.

गेल्या वर्षापर्यंत संघ अनवाणी खेळायचा. पायांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि उतरायचे. त्या पट्ट्या सहायक प्रशिक्षक सहदेव परब बांधायचा. सामन्याआधी तो एकेकाचा पाय मांडीवर घ्यायचा, पट्टी आवळायचा आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायचा. यंदा लीगमध्ये बूट सक्तीचे झाले. प्रधानांनी सहदेवला बोलावले आणि पट्ट्या गेल्या, आता तुझे काम उरले नाही, असे सांगितले. सहदेव बरे म्हणाला आणि गेला. तेव्हापासून संघ एकही सामना जिंकला नव्हता.

प्रधानांनी उपाय केले. फॉरवर्डला मागे घेतले, मागच्याला पुढे काढले. पहाटेचा सराव लावला. घरीसुद्धा बूट घालून वावरा, असा हुकूम काढला. गोलकीपर मधुकरच्या आईने तो घरात चालू दिला नाही. आता शेवटचा सामना राहिला होता. तो हरला की संघ खालच्या गटात जाणार होता. मग मंडळ फुटबॉल बंद करून त्या जागेवर बॅडमिंटनचे कोर्ट आखणार होते. अध्यक्षांनी चुना मागवूनही ठेवला होता.

गुरुवारी संध्याकाळी कचेरीतून परस्पर प्रधान घाटकोपरला सहदेवच्या खोलीवर गेले.

"या साहेब," सहदेव म्हणाला. "मालन, चाय टाक गो."

प्रधान खुर्चीवर बसले. "रविवारी ये. माझं चुकलं म्हण हवं तर."

"चुकलं कुठे? पण रविवारी वांद्र्याची मॅच आहे. त्यांनी मला बोलावलं, मी आता तिकडे असतो."

"तिकडे काय करतोस? त्यांनाही बूटच आहेत."

"नाड्या बांधतो."

"घोड्याएवढ्या माणसांच्या?"

"हो."

सहदेवच्या बायकोने, मालनने, चहा आणून ठेवला. प्रधानांनी तो बशीत ओतला आणि तसाच धरून ठेवला. "पट्ट्या बांधताना तू काय पुटपुटायचास रे?"

"तुमचा निरोप सांगायचो."

"कसला निरोप?"

"हेच. साहेब म्हणाले, गुणाजीसारखा धावणारा लीगमध्ये नाही. साहेब म्हणाले, मधुकर गोलात उभा असला की मला घोर नसतो."

"मी असं कधी म्हणालो नाही."

"नाही म्हणालात. म्हणून मला सांगावं लागायचं."

मालन दारात उभी होती. "ह्यांचं घरात पण हेच, साहेब. गावाहून आले की सांगायचे, आई तुझं फार कौतुक करते. सासूबाईंनी माझ्याबद्दल एक शब्द चांगला काढला नसेल कधी. पण मी त्यांचं शेवटपर्यंत केलं."

"म्हणजे खोटंच की," प्रधान म्हणाले.

"गुणाजी धावत नाही?" सहदेवने विचारले.

प्रधानांनी विचार केला. "धावतो."

"मग खोटं काय त्यात?"

प्रधानांनी चहा संपवला. जाताना दारापाशी थांबले. चपला घातल्या आणि निघाले.

रविवारी सामन्याआधी खेळाडू मैदानाच्या कडेला सतरंजीवर बसले होते. प्रधान आले आणि गुणाजीसमोर गुडघ्यावर बसले. गुणाजीने पाय मागे घेतला.

"काय झालं, साहेब?"

"पाय दे."

त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि नीट ओवून आवळायला घेतली. गेले तीन दिवस प्रधान ते कौतुकाचे वाक्य घोकत होते. अंघोळ करताना जमले होते. कचेरीच्या जिन्यातही जमले होते. आता समोर गुणाजीचे तोंड होते. नाडीला गाठ मारून झाली तरी वाक्य निघेना.

"सहदेव भेटला होता," शेवटी ते म्हणाले. "म्हणाला, गुणाजीसारखा धावणारा लीगमध्ये नाही."

गुणाजीने दुसरा पाय आपणहून पुढे केला.

मग ते एकेका खेळाडूपुढे सरकत गेले. पँटच्या गुडघ्यांना माती लागली. अध्यक्ष लांबून बघत होते, त्यांना ते काय चालले आहे कळेना. सहदेव हाफबॅकबद्दल असे म्हणाला, सहदेव लेफ्ट आउटबद्दल तसे म्हणाला. हळूहळू प्रधानांना ते सोपे जायला लागले. सहदेवने कधी पाहिला नव्हता अशा एका नव्या मुलाबद्दलही सहदेव चांगले बोलला.

शेवटी मधुकर. "सहदेव म्हणाला, तू गोलात उभा असलास की घोर नसतो."

मधुकरने मान हलवली. "साहेब, तो तुमचं नाव घेऊन सांगायचा. तुम्ही असलं बोलणारे नाही, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं."

प्रधानांचा हात नाडीवर तसाच राहिला.

"तुम्ही त्याचं नाव घ्या," मधुकर म्हणाला. "आम्हाला चालतं."