बिननावाचे ठिपके

उलट्या-जुलाबांची साथ कुठल्या टाकीच्या पाण्याने आली, ते कुणालाच कळेना. दवाखान्यातल्या नर्समावशी आजाऱ्यांची नावं सांगेनात.

"नावं राहू द्या तुमच्याकडेच! कुठल्या गल्लीत किती, एवढंच सांगा ना."

तेवढं त्यांनी हसून सांगितलं. मी शाळेच्या फाटकावर नकाशा लावून लाल ठिपके काढले. इनमिन सात! त्यातून काय कळणार, कपाळ?

तेवढ्यात आजोबा माझ्या कानाशी पुटपुटले, "आपल्या गल्लीत एक ठिपका वाढव. नाव लिहीत नाहीस ना?"

"छे!"

बघता बघता त्यांच्यामागे रांग लागली आणि बाजारामागच्या टाकीभोवती सगळं लालेलाल झालं. दुपारीच टाकीला कुलूप!

आजोबा अजूनही सगळ्यांना ऐकवतात, "मला काय धाड भरलीय?"

मी चिडीचूप.