हिंदीत संसार

"हा शब्द काढा, माधवीताई."

सत्काराला दहा मिनिटं होती. देवासच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव परिचयाच्या कागदावर बोट ठेवून उभे होते. कागद माधवीनं स्वतः लिहिला होता. कॉलेजातली तीस वर्षं, पाच पुस्तकं, बायकांचे मोर्चे, दोनदा अटक. सगळं चाललं. पोलिसांनी उचलून नेलेली बाई चालते. अडलं शेवटच्या ओळीवर: 'लतिकाबरोबर एकवीस वर्षांचा संसार.'

"'मैत्रीण' लिहू," ते म्हणाले. "समजणारे समजतात."

"मैत्रीण तर तुमच्या राजाबाईही आहेत माझ्या. त्यांच्याशी कुठे मी संसार करते?"

"चेष्टा नको. म्हातारी माणसं बसलीत पुढं."

"ओळ गेली तर मीही चालले. धारच्या सत्कारात लतिकाला माझी केअरटेकर म्हणून सांगितलं होतं. पुन्हा नाही."

लतिका दुसऱ्या रांगेत होती. टोंकखुर्दचं बियाण्यांचं दुकान दुपारीच बंद करून आली होती. यातलं काही तिच्या कानावर जात नव्हतं. ती हसून हात हलवत होती.

हॉल भरला होता. शाल आली होती. जयसिंगराव घामाघूम झाले, आणि एकदम खुलले. सूत्रसंचालन करणाऱ्या उर्वीला त्यांनी हाक मारली.

"बेटा, परिचय हिंदीतच सांग. तुम्हा पोरांना मराठी कुठे धड वाचता येतं."

उर्वी कागद घेऊन माइककडे पळाली. जयसिंगराव माधवीच्या कानाशी आले.

"ओळ राहिली. हिंदीत संसार म्हणजे दुनिया. कुणाला काही कळायचं नाही. तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं."

"काय लबाड माणूस आहात हो तुम्ही!"

पण उर्वी सुरू झाली होती. पहिलीपासून हिंदी शाळेतली पोर. धडाधड वाचत शेवटच्या ओळीवर आली आणि थबकली. मनात दोनदा वाचली. तिला ती फारच आवडलेली दिसली.

"और ये लतिकाजी," तिनं दुसऱ्या रांगेकडे हात केला, "इक्कीस साल से माधवी मैम का संसार हैं. पूरा संसार!"

पुढच्या रांगेनं वळून लतिकाकडे पाहिलं.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "क्या बात है, भिया!" टाळ्या पडल्या. मागच्यांनी वाजवल्या म्हणून पुढच्यांनीही वाजवल्या. लतिकाचे कान लाल झाले.

पहिल्या रांगेतून राजाबाई थेट स्टेजकडे बघून म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. मी अजून 'अगं'च आहे."

जयसिंगरावांनी घाईघाईनं शाल माधवीच्या खांद्यावर टाकली.

सत्कारमूर्तीच्या बायकोची ओटी भरायची, हे दरवर्षी राजाबाईंचं काम. यंदा सत्कार बाईचा, म्हणून खण-नारळाचं ताट टेबलाखाली तसंच पडून होतं. राजाबाई उठल्या. वाकून त्यांनी ताट काढलं आणि दुसऱ्या रांगेपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"ओढणी पसरा, लतिकाबाई."

माधवीनं माइकच ओढला. "राजाबाई! ओटी भरण्याविरुद्ध माझं अख्खं पुस्तक आहे!"

लतिकानं ओढणी पसरली.

"तू तुझं भाषण कर गं," ती म्हणाली. "नारळ माझा आहे."