गाठीची चोळी

कांदा खुरपताना सरूबाईचं मंगळसूत्र रानात पडलं, म्हणून तिच्या नवऱ्यानं, भिमाजीनं, जुन्नरहून धातू शोधणारा मशीनवाला आणला. "बाई, जागा दाखवा, पण अंगावर धातू नको," तो म्हणाला. तिनं पदराची पिन काढली, हुकाचा ब्लाऊज बदलून सासूची गाठीची चोळी घातली. जोडव्यांना मात्र हात लावू दिला नाही. "गळा मोकळा झालाच हाये, आता पायबी मोकळं करू व्हय? मालक जित्तं हायेत माजं."

मग तिला बांधावर बसवलं, रोज भाकरी खायला बसायची तिथंच. मशीन तिच्याजवळ आलं की वाजायचं. "जोडवी वाजत्यात," म्हणत मशीनवाला माघारी वळायचा.

दिवस कलला, काहीच घावलं नाही. मशीनवाला चालू मशीन तिच्याशेजारी ठेवून बांधावर टेकला. दमलेली सरूबाई उठून घराच्या वाटेला लागली.

वीस पावलं गेली, तरी मागं मशीन वाजतच होतं.