एका बाटलीचा पल्ला

भुजंगरावांनी औषधाची बाटली डोळ्यांसमोर धरून खुणेपर्यंत पेट्रोल भरलं आणि स्कूटरच्या कोरड्या टाकीत ओतलं. थेंबभरही सांडलं नाही.

"साक्षीदार असावा तर असा," येसाजीराव म्हणाले. त्यांनी सीटखालचा पेट्रोलचा कॉक उघडला, किक मारली आणि धोतर सावरत बसले. भुजंगराव मागे.

पेट्रोल महागल्यावर येसाजीरावांनी तपकिरीच्या डबीची झडप करून कार्बोरेटरला बसवली, तेव्हा अख्खा लष्कर मोहल्ला हसला होता. आता कुणी हसत नव्हतं. तेवढ्याच बाटलीत पहिल्या रविवारी स्कूटर रेल्वे गेटपर्यंत गेली, दुसऱ्या रविवारी कॉलेजच्या भिंतीपर्यंत, गेल्या रविवारी थेट जयलक्ष्मीपुरमच्या वळणाला. त्या डबीत आहे तरी काय, या विचाराने भुजंगरावांची झोप उडाली होती.

काळजी एकच. वळणापुढे वनजाचं घर होतं.

लेकीने कानडी मास्तरांशी लग्न केलं, त्या दसऱ्याला येसाजीरावांनी पूजेतल्या तलवारीवर हात ठेवून चारचौघांत सांगितलं होतं, "माझी पावलं आपणहून तिच्या दाराकडे वळणार नाहीत." चार वर्षं झाली. नातीचं तोंडही पाहिलं नव्हतं. पणजोबांची तलवार, शब्द मोडायचा तरी कसा? भुजंगरावांना मित्राची कीव यायची, पण तो विषय काढायची सोय नव्हती.

"आज दुसऱ्या रस्त्याने जाऊ या, येसाजी."

"बेडा, बेडा, नको! रस्ता बदलला की प्रयोग बोंबलला. तू सुम्ने गप्प बस."

वळण आलं आणि गेलं. स्कूटर आपली धावतेच आहे. येसाजीरावांनी एक हात खाली घालून धोतर सारखं केलं.

"अय्यो, दोन्ही हात वर ठेव की रे!" भुजंगराव ओरडले.

थोड्याच वेळात इंजिनाने आचके दिले. स्कूटर एका हिरव्या फाटकासमोर येऊन थांबली. आत वनजा रांगोळी घालत होती. तिच्या हातातली वाटी खाली पडली.

"अप्पा?"

"पेट्रोल संपलं," येसाजीराव मान खाली घालून म्हणाले. "गाडीच इथं थांबली, त्याला मी काय करू?"

"स्वल्प कॉफी तरी घ्या, अप्पा. आमचे हे पेट्रोल देतील."

तोवर एका चिमुरडीने फाटकातून येऊन येसाजीरावांचं बोट धरलं होतं. ते तिच्यामागोमाग मुकाट्याने पायऱ्या चढले. देवाने नेमक्या जागी टाकी कोरडी केली, असं वाटून भुजंगरावांनी डोळे पुसले.

जावई नरसिंहमूर्ती पेट्रोलची बाटली घेऊन आले. भुजंगरावांनी झाकण उघडलं आणि टाकीत डोकावून पाहिलं. मग स्कूटर जरा हलवली. आत पेट्रोल डुचमळलं.

त्यांनी सीटखाली हात घातला. कॉक बंद होता.