झाडाखालचा स्वेटर

सिस्टरने अंगातला स्वेटर काढला आणि झाडाखाली, सकाळपर्यंत जिथे तिचा तंबू होता तिथेच, पसरून ठेवला. शेजारी पाण्याचं भांडं ठेवलं. गारठा चांगलाच होता, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"अस्संच राहू द्या," चौकीदार म्हणाला. "म्हातारं कुत्रं वासावर माघारी येतं. कुणी हलवू नका म्हणजे झालं. मी पाचला बघतो आणि फोन करतो. मग मात्र कुलूप लावून मला निघावं लागेल. आजपासून इथला मुक्काम बंद, तो थेट थंडी संपेपर्यंत."

हरवले होते ते आजोबा. आजोबा म्हणजे सिस्टरचा कुत्रा. चौदा वर्षांचा, दोन्ही कानांनी ठार बहिरा, त्यामुळे सगळेच त्याला अहो-जाहो करायचे. दर वर्षी पानगळ सुरू झाली की ही नर्स, एक मेकॅनिक आणि एक लाँड्रीवाली, असे तिघे जुने दोस्त कुत्री घेऊन इथे तंबू ठोकायचे. काल पहाटे आजोबा तंबूतून जे बाहेर पडले ते पडलेच. त्यांना घुसमटायला होतं म्हणून तंबूची चेन अर्धी उघडी ठेवली होती सिस्टरनेच. बहिऱ्याला हाका मारून काय उपयोग, हे तिला कळत होतं. तरी दिवसभर हाका मारून तिचा घसा बसला होता.

उद्या सकाळी सातला तिला वॉर्डात हजर व्हायचं होतं. एक दिवस वाढवून मागितला तर मेट्रन म्हणाली, "माणूस असतं तर समजू शकले असते." सिस्टरच्या घरी माणूस नव्हतंच. जे काही होते ते आजोबाच.

"परवा तुझी ड्यूटी संपली की मीच आणतो तुला," मेकॅनिक म्हणाला. व्हॅन त्याची होती. "आणि कुलपाची काळजी करू नकोस. गंजलेली कुलपं उघडण्यात माझी हयात गेलीय."

लाँड्रीवाली तेव्हा ओढ्यापलीकडे होती. साबण आणि फेस या आपल्या दोन्ही कुत्र्यांना घेऊन ती अजून आजोबांनाच शोधत होती. परत आली तेव्हा तिचा गुडघा फुटला होता आणि रडून डोळे सुजले होते. सिस्टरने तिच्या गुडघ्याला रुमाल बांधला. स्वेटरचं हिला मेकॅनिकने सांगितलं असेल असं सिस्टरला वाटलं. मेकॅनिकला वाटलं, सिस्टरने सांगितलं असेल.

सिस्टर पुढच्या सीटवर जाऊन बसली. मागे वळून बघायची तिची हिंमत नव्हती.

"बसा तुम्ही. मी एक शेवटची चक्कर टाकून येते," लाँड्रीवाली म्हणाली. ती दर वर्षी टाकायची. तिच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटायची नाही, म्हणून तर या धांदरटांचे मोजे, चमचे, चष्मे धडपणे घरी पोचायचे.

चार तासांच्या रस्त्यात कुणी फारसं बोललं नाही. आजोबा येतात, स्वेटरला नाक लावतात, तीन गिरक्या घेऊन त्यावर अंग टाकतात, एवढंच सिस्टर पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणत होती. त्यावरच ती तग धरून होती.

तिच्या गल्लीत गाडी थांबली. सामान उतरू लागलं. लाँड्रीवालीने आपल्या पिशवीतून व्यवस्थित घडी घातलेला स्वेटर काढला.

"हा घे. विसरलीच होतीस की! डोकं ठिकाणावर नाही तुझं, आणि कसं असणार म्हणा. भांडंही तिथेच राहिलं होतं. घासून आणलंय." तिने स्वेटर नाकाशी नेला. "घामाचा वास मारतोय गं. राहू दे माझ्याकडेच, उद्या धुऊन देते."

मेकॅनिकच्या हातातला तंबू खाली पडला. "अगं बाई, तू हे..."

सिस्टरने त्याचा दंड धरला. इतका घट्ट धरला की तो पुढचं बोललाच नाही. लाँड्रीवालीच्या गुडघ्यावरचा रुमाल रक्ताने कडक झाला होता.

"धुऊ नकोस," सिस्टर म्हणाली. "असू दे तसाच."

"बस गाडीत," मेकॅनिक तिच्या कानाशी पुटपुटला. "आत्ताच्या आत्ता वळवतो."

तेवढ्यात फोन वाजला.

"बाई, आलं होतं तुमचं कुत्रं!" चौकीदाराला धाप लागली होती. "मी फाटकातून बघितलं. नेमकं त्या झाडाखालीच आलं. गोल गोल फिरलं, जमीन हुंगली, परत फिरलं. बसलंसुद्धा थोडा वेळ. मी धावत पोचेपर्यंत उठलं आणि ओढा उतरून पलीकडे गेलं. किती हाका मारल्या, वळून बघेना. तिकडे सगळं रानच आहे हो. तिकडे गेलेलं जनावर मी कधी परतलेलं पाहिलं नाही. जागा हीच ना, बाई? इथे तर काहीच नाही. झाडून काढल्यासारखं लख्ख आहे."

"हीच," सिस्टर म्हणाली.

तिने फोन खाली घेतला. तिच्या तोंडाकडे बघून मेकॅनिकने किल्ली खिशात टाकली आणि तोंड फिरवलं.

"चौकीदार ना?" लाँड्रीवाली लंगडत पुढे आली. तिच्या आवाजात केवढी तरी आशा होती. "काय म्हणाला गं?"

सिस्टरने स्वेटर दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"जागा स्वच्छ ठेवलीत म्हणाला."