मागची खोली

दार उघडल्याबरोबर श्रावणी आईचा हात सोडून आत पळाली. हॉल ओलांडून, स्वयंपाकघराला वळसा घालून ती थेट मागच्या खोलीत गेली आणि तिथून ओरडली, "आई, ही माझी खोली."

"झालं, पसंती मिळाली," एजंट गुरुशांत हसला. किल्ल्यांचा जाड जुडगा त्याने बोटात अडकवला होता. "ताई, बघा निवांत. दुसरी पार्टी पण आलीच आहे."

पद्मजाला निवांतपणा कुठला. ती राहत होती त्या खोलीच्या मालकाने स्पष्ट सांगून ठेवलं होतं, ह्या रविवारी घराचं काही जमलं तर ठीक, नाहीतर महिनाअखेर खोली रिकामी करा. चार वर्षांच्या मुलीला घेऊन जायचं कुठं? माहेरी, नातेपुत्याला, वहिनीने मागच्या वेळीच तोंड फिरवलं होतं.

जाहिरात सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. जुळे सोलापूर, नवी इमारत, शेवटचा फ्लॅट, फक्त सत्तावीस लाख. ह्या भागात एवढ्या कमी भावात कुणी देत नाही, हे वाचणाऱ्याला कळत होतं. तरी लोक येत होते.

दुसरी पार्टी म्हणजे सांगोल्याकडचे तिघे. भारत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याची बायको दिपाली, दिवस भरत आलेली, आल्या आल्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकली. आणि त्याची आई गोजाबाई, प्रत्येक भिंतीवरून हात फिरवत चाललेली.

"लई उजेड हाय की, भारता. बाळाला बरं."

"आये, जरा हळू बोल. ऐकलं की भाव वाढवतील."

"मग काय अंधार हाय म्हनू?"

दिपाली तोंडावर पदर धरून हसली. पद्मजाने स्वयंपाकघरातला नळ उघडून बघितला.

"पाणी किती दिवसाआड?"

"पाचव्या दिवशी येतं. पण खाली बोअर आहे, टाकी मोठी आहे," गुरुशांत म्हणाला.

"मग अडचण नाही. आम्हाला घर आवडलंय," पद्मजा म्हणाली. हॉलपर्यंत ऐकू गेलं.

गुरुशांतने दोन्ही हात जोडले. "मग मोकळंच सांगतो. सर पण घ्यायला तयार, ताई पण तयार. बिल्डर म्हणतो, जो जास्त देईल त्याला."

"जाहिरातीत सत्तावीस आहे," भारत म्हणाला.

"ती सुरुवात, सर."

"एकोणतीस," पद्मजा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

भारतने तिच्याकडे वळून बघितलं. "तीस."

"नवऱ्याला विचारते," म्हणत पद्मजाने फोन कानाला लावला. "आशिष, ते तीस म्हणतायत. अजून थोडं जायचं का आपण?" पलीकडे शांतता होती. ती थांबली. "बरं," ती म्हणाली, आणि गुरुशांतकडे न बघता, "एकतीस."

भारतचा चेहरा उतरला. मग तो चिडला.

"ही फसवणूक आहे. सत्तावीस सांगून बोलवायचं आणि इथं लिलाव मांडायचा. मी रेराकडे तक्रार करीन."

"करा की. नोंदणी नंबर जाहिरातीतच आहे. निकाल लागेपर्यंत ताई इथं राहायला आलेल्या असतील."

भारत त्याला सोडून सरळ पद्मजासमोर येऊन उभा राहिला.

"ताई, तुम्हालाही सत्तावीसच सांगितलं ना? मग आपण दोघंही इथंच थांबू. कुणी वाढवायचं नाही. दोघं मिळून तक्रार करू. जाहिरातीच्या भावात द्यायला लागलं की चिठ्ठी टाकू. निघेल त्याचं घर. तुमचं निघालं तर मी स्वतः सामान वर चढवायला येईन."

इतकं सरळ पद्मजाशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. मागच्या खोलीत श्रावणी गाणं म्हणत होती. जुडग्यातल्या किल्ल्या एकमेकींवर वाजल्या. गुरुशांत तिच्याकडेच बघत होता.

"मला घर लागतंय, सर," ती म्हणाली.

"लागत न्हाय कुनाला, पोरी?" गोजाबाई म्हणाली. तिने सुनेकडे बघितलं, मग मुलाकडे. "मेंढरं इकली ती कशापायी? हिची बाळंतपनाची बारी जवळ आली. म्हन काय म्हनायचं ते."

पद्मजा भारतच्या ओठांकडे बघत राहिली. त्याने डोळे मिटले.

"साडेबत्तीस. ह्याच्या पुढं माझ्याकडं काहीच नाही."

पद्मजा भिंतीला टेकली. "नाही झेपायचं आम्हाला," ती पुटपुटली.

गोजाबाईने पिशवीतून शेंगांचा लाडू काढून श्रावणीच्या हातावर ठेवला. तिच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोरीनं खोली धरली हुती, माय. मन मोडू नगंस. तुला बी गावंल घर."

पद्मजाला मान वर करता आली नाही.

ते तिघे विसार द्यायला खाली गेले. दिपालीला दोघांनी दोन्हीकडून धरलं होतं. गुरुशांतने दार लावलं, कुलूप ओढून बघितलं.

"माझी खोली रिकामी करायचं आता पुढच्या महिन्यात बघू," तो हळूच म्हणाला आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरला.

पद्मजा कठडा धरून उभी होती. श्रावणीने बोटांना लागलेला गूळ चाटून घेतला.

"आई, उद्याच्या घरात पण मागचीच खोली माझी म्हणायची?"